जीसीसीचा पॅच टेस्ट करताय? मग या चुका टाळा

जीसीसी या कंपायलरच्या कोडवर पॅच (आपला बदल) लावला, मेक चेक (टेस्ट चालवायची कमांड) मारलं, शेवटी फेलची रांग दिसली की नवीन पोरं घाबरून विचारतात, "एवढं सगळं माझ्या पॅचने मोडलं का?" अरे, पॅच न लावलेल्या ट्रंकवरपण (मुख्य डेव्हलपमेंट ब्रांचवर) काही टेस्ट फेल असतातच, म्हणून तर बेसलाइन, म्हणजे पॅच न लावता घेतलेला रिझल्ट, तुलनेला लागते.

आणि ती शिळी चालत नाही. अंधेरीच्या ऑफिसात एका पोराने कॉन्स्टंट फोल्डिंगमध्ये (स्थिर आकड्यांचं गणित कंपाइल करतानाच उरकणाऱ्या भागात) छोटासा बदल केला होता, बेसलाइन आठवड्यापूर्वीची पडून होती, सकाळी गिट पुल मारून त्यावर पॅच लावला आणि व्हेक्टरायझरच्या (कंपायलरच्या दुसऱ्याच एका भागाच्या) टेस्ट फेल. बिचारा दिवसच्या दिवस स्वतःचाच कोड खणत बसला. मी दोन्ही बिल्डचे कमिट हॅश (गिटमधल्या त्या-त्या बदलाची ओळख) विचारले तर वेगळे. मग नवीन हॅशवर पॅच न लावता बिल्ड केलं तर त्याच टेस्ट तिथेही फेल, म्हणजे मोडतोड मधल्या कुठल्यातरी कमिटची. बेसलाइन परत करायला वेळ लागतो हे मान्य, पण तो वाचवून काय मिळालं? मी तर पॅचची ब्रांच जिथून फुटली तोच कमिट घेतो, गिट वर्कट्रीने दोन सोर्स, दोन वेगळ्या बिल्ड डिरेक्टरी, आणि रिझल्टच्या फाइलच्या नावातच हॅश टाकतो.

बिल्डच्या आधी द्यायची कॉन्फिगरची ओळ दुसऱ्या बिल्डसाठी हाताने टाइप करू नका, कॉपी करा. एका बाजूला चेकिंग रिलीज हा पर्याय आणि दुसरीकडे ट्रंकचं डिफॉल्ट असेल तर कंपायलरच्या आतल्या तपासण्या ट्रंकच्या डिफॉल्टकडे चालू आणि रिलीजकडे जवळपास बंद, मग तुलना कसली करणार?

मेक चेकला के फ्लॅग द्या, नाहीतर एका ठिकाणी एरर आली की पुढच्या टेस्ट चालतच नाहीत.

मला सगळ्यात राग येतो तो नुसते आकडे बघण्याचा. "सर, आधी जेवढे फेल तेवढेच आत्ता." अहो, एक सुधारली आणि दुसरी मोडली तरी आकडा तोच राहतो! सम फाइल्स (प्रत्येक टेस्टचा निकाल लिहिलेल्या) नावानिशी ताडून बघा, सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरात कंपेअर टेस्ट्स नावाची स्क्रिप्ट त्यासाठीच ठेवलीय. आधी पास होत्या आणि आता गायबच झाल्या अशा टेस्टही ती वेगळ्या दाखवते, तिथे लिहिणाऱ्याने चक्क "ईक!" टाकलंय आणि बरोबर टाकलंय, कारण गायब टेस्ट फेलमध्ये मोजलीच जात नाही.

दोन्ही बिल्डच्या टेस्ट एकाच मशीनवर एकदम सोडू नका. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत लॅपटॉप तापून आधीच मंद झालेला असतो, वर दुप्पट लोड, मग जड टेस्ट पाच मिनिटांच्या डिफॉल्ट टाइमआउटमध्ये संपत नाहीत आणि फेल दिसतात. नवीन फेल दिसला की आधी लॉग फाइलमध्ये "टाइम्ड आउट" शोधा, सापडलं तर मशीन मोकळं असताना तेवढीच टेस्ट रनटेस्टफ्लॅग्ज (ठरावीक टेस्टच चालवायचा पर्याय) देऊन दोन्ही बिल्डवर परत चालवा.