मृगाआधी मेपलच्या बुंध्याकडे बघा

वळीव सुरू झालाय. मोसमी पाऊस पुण्यात साधारण 10 जूनच्या आसपास पोचतो, म्हणजे ज्यांनी बागेत किंवा फार्महाऊसवर डोंगरी मेपल लावलंय, त्यांच्या हातात रोहिणीचे दिवस तेवढे आहेत. बाकी सगळी कामं मागे ठेवा आणि एकच बघा: बुंध्याशी पाणी थांबतंय का?

पुण्यात मेपल उन्हानं जातं असं सगळे धरून चालतात. उन्हानं पानांच्या कडा करपतात, झाड केविलवाणं दिसतं हे खरं, पण मुळं शाबूत असतील तर पावसाच्या गारव्यानं ते पुन्हा फुटतं. झाडं जाताना मी पाहतो ती आर्द्रा-पुनर्वसूत, आजूबाजूला सगळं हिरवंगार असताना. मालक म्हणतो, "आता तर पाऊस आहे, पाण्याची काय चिंता!" आणि तिथेच झाड हातचं जातं.

डोंगरी मेपल म्हणजे एकच झाड नव्हे, रोप घेताना जात विचारून घ्या. उत्तर अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरातलं एसर स्पायकॅटम हे झुडूपवजा मेपल थंड, ओलसर सावलीतलं आहे. त्याला लांबलचक कडक हिवाळा लागतो, तो पुण्यात नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे आशा धरावी ती हिमालयाच्या पायथ्याच्या एसर ऑब्लाँगमची. डेहराडूनच्या परिसरात, साधारण 600 मीटर उंचीपासून वर ते वाढतं, आणि पुणं 560 मीटरवर आहे. त्याचं पान पंजाच्या आकाराचं नसतं. लांबट, अखंड, खालून पांढुरकं असतं आणि झाड बहुतेक वर्षभर हिरवं राहतं. कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्या गिऱ्हाइकाला सोरतापवाडी-उरुळीच्या नर्सरीवाल्यांनी हे आधीच स्पष्ट सांगावं. रिठा, कोशिंब आणि लिची यांच्याच कुळातलं हे झाड आहे.

आता मुद्द्याचं. डेहराडूनला पाऊस पुण्याच्या दुपटीहून जास्त पडतो, तरी तिथं हे झाड कुजत नाही. कारण तिथं उतार आहे, माती दगडगोट्यांची आहे, वर पाचोळ्याचा थर आहे. पाणी येतं आणि निघून जातं. आपण काय करतो? काळ्या जमिनीत दोन-तीन फूट खड्डा घेतो, तो पोयटा, शेणखत, कोकोपीट घालून भुसभुशीत भरतो आणि मधोमध रोप लावतो. चारी बाजूंनी चिकण काळी माती, आत भुसभुशीत भर. पहिल्या मोठ्या पावसात त्या खड्ड्याचा हौद होतो. वर आळं बांधलेलं असतं, ते आणखी पाणी अडवतं.

पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोप्थोरा बुरशीचं फावतं. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. मोसंबी-संत्र्याचा डिंक्या, म्हणजे याच बुरशीनं खोडातून डिंक गळणं, ज्यांनी पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून लावणीआधी जागेची परीक्षा घ्या. दोन फूट खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर जमीन चिबड आहे, तिथं खड्ड्यात लावू नका. जमिनीवर दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. झाड आधीच लावलेलं असेल तर आजच आळं मोडा, बुंध्यावर चढलेली माती बाजूला करा. खोड जिथं फुगून मुळं सुरू होतात ती जागा उघडी दिसली पाहिजे. मग उताराच्या बाजूनं एक फूट खोल चर काढा, तो थेट बाहेर काढून द्या.

कुंडीवाल्यांनी खालची ताटली पावसाळाभर काढून ठेवावी आणि कुंडी तीन विटांवर उचलावी. तळाला विटांच्या तुकड्यांचा थर घालून निचरा सुधारत नाही, उलट ओल वरच्या मातीत अडकून राहते. भोकावर एक खापर पुरे.

ओळखायचं कसं? माती कोरडी आणि पान मलूल, तर पाणी हवंय. माती ओली आणि पान मलूल, तर मूळ कुजतंय, पाणी ताबडतोब बंद. पुस्तकात सापडणार नाही, पण माझा भरवसा नाकावर आहे: बुंध्याजवळची मूठभर माती उकरून हुंगा. आंबूस, गटारासारखा वास आला तर पान पिवळं पडायची वाट बघू नका.

अशा वेळी दुकानात गेलात की ह्युमिक, सीवीड, अमिनोच्या बाटल्या पुढे येतात. कुजक्या मुळाला टॉनिकचा काही उपयोग नाही. ते पैसे चर काढणाऱ्या मजुराला द्या. औषध लागतं ते स्वस्तातलं आहे:

- प्रतिबंधासाठी: कॉपर ऑक्सिक्लोराईड 3 ग्रॅम प्रति लिटर, बुंध्याभोवती आळवणी (म्हणजे औषधाचं पाणी मातीत ओतणं).
- कूज दिसल्यास: मेटॅलॅक्झिल 8 टक्के + मॅन्कोझेब 64 टक्के, 2.5 ग्रॅम प्रति लिटर, आळवणी.
- खोडाला दोन फुटांपर्यंत 10 टक्के बोर्डो पेस्ट: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) 1 किलो, 100 किलो कुजलेल्या शेणखतात. तांब्याच्या औषधानंतर 15 दिवसांनीच.

निचरा नसताना यातलं काहीच लागू पडणार नाही.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते बहुधा चुनखडीच्या जमिनीतलं लोह अडकणं. फेरस सल्फेट 5 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड 1 ग्रॅम प्रति लिटर फवारा, महागडं मिश्रण नको.

बाकीची कामं:

- जागा: इमारतीच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली.
- आच्छादन: पाचोळा 3 इंच, खोडापासून चार बोटं दूर.
- वांगी, टोमॅटो घेतलेल्या वाफ्यात लावणी नको, मर रोग मातीत टिकतो.
- छाटणी: फक्त वाळलेली फांदी.
- बोअरचं खारं पाणी: शक्यतो टाळा.

नवीन लावणी जूनमध्ये करू नये असं माझं मत आहे, बाकीच्या झाडांना तो महिना कितीही चांगला असो. पावसाचा जोर ओसरल्यावर, उत्तरा नक्षत्राच्या सुमारास (सप्टेंबरच्या मध्यानंतर) वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी असताना, लावा. मुळशी, पानशेत, लोणावळ्याकडच्यांनी तर हे पाळाच. रोप आणून ठेवलं असेल तर पिशवीची भोकं मोकळी आहेत का ते बघा आणि ती तशीच विटांवर, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवा.