एआयकडून चित्र करून घेताना चित्रकारांनी या चुका टाळा

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या सूचनेत, विशेषणांची रास ओतायची आणि मनासारखं चित्र येईपर्यंत बटण दाबत राहायचं, ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. 'डावीकडची बाई उजवीकडच्या मुलाला लाल छत्री देतेय' असं लिहिलं की अनेकदा छत्री भलत्याच हातात जाते, लाल रंग कपड्यांवर उतरतो. कोण कुठे उभं आहे, नजर कुणाकडे आहे, हे मॉडेलला, म्हणजे चित्र बनवणाऱ्या एआयला, शब्दांपेक्षा रेषेतून जास्त कळतं. आणि रचना हे तर तुमचंच काम आहे, ते सोडू नका.

म्हणून आधी कच्चं रेखाटन स्वतः करा आणि ते इमेज-टू-इमेजमध्ये द्या, म्हणजे एआय त्या चित्रावरून नवं चित्र बनवतं. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलमध्ये तिथे डिनॉइझिंग स्ट्रेंग्थचा स्लायडर असतो; मूळ चित्र किती बदलायचं ते त्यावर ठरतं. 0.3 च्या आसपास तुमची रेघ बरीचशी टिकते, 0.8 च्या पुढे रेखाटन जवळजवळ पुसलं जातं. आकडा चढा ठेवायचा आणि 'याला माझं चित्र कळतच नाही' म्हणायचं, असं अनेकदा होतं. पोझ नेमकी हवी असेल तर कंट्रोलनेट वापरा; ही जोडणी तुम्ही दिलेली पोझ किंवा रेषा एआयला पाळायला लावते.

एखादी वस्तू नको असेल तर मुख्य प्रॉम्प्टमध्ये 'झाड नको' लिहू नका. बऱ्याचदा झाड उगवतंच. नुसतं 'झाड' हे निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे नको असलेल्या गोष्टींच्या वेगळ्या चौकटीत टाका.

हात बिघडला म्हणून अख्खं चित्र नव्याने काढायची गरज नाही. तेवढाच भाग मास्क करून (निवडून) इनपेंट करा, म्हणजे एआयकडून तेवढाच पुन्हा काढून घ्या. मास्कमध्ये मनगट आणि थोडी बाहीही घ्या, नाहीतर जोड दिसतो. तरी जमलं नाही तर सरळ ब्रश उचला. नव्या मॉडेलांत बोटं बरीच सुधारली आहेत, त्यामुळे मी आधी सावल्या तपासतो: नाकाची सावली एकीकडे आणि हनुवटीची दुसरीकडे पडलेली असते. चित्र पहिल्या नजरेत देखणं दिसतं, म्हणून हे निसटतं. आडवं फ्लिप करून बघा, लगेच खटकेल.

एआयची खरी ताकद पर्यायांत आहे. एकाच रेखाटनाच्या सकाळ, संध्याकाळ, पावसाळी अशा रंगसंगती काही मिनिटांत समोर येतात. त्यातली निवडून पुढचं रंगकाम आपण करावं.

छपाईला देताना 1024 पिक्सेलची फाइल पाठवू नका. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ती साडेतीन इंचही भरत नाही. ए4 साठी 2480 × 3508 पिक्सेल लागतात. चित्र मोठं करणारा अपस्केलर तपशील स्वतःच्या मनाने रचतो, त्यामुळे डोळे आणि कापडाची वीण झूम करून पाहा.

हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नका. त्याने वर्षानुवर्षं घडवलेली शैली अशी उचलणं मला अजिबात पटत नाही.

ग्राहकाला एआयचा वापर आधीच सांगा. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने 2023 मध्ये एका कॉमिकच्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं, पण त्यातल्या मिडजर्नी या एआयने बनवलेल्या चित्रांना ते नाकारलं. तुमचा हात कुठे लागला हे दाखवता यावं यासाठी मूळ रेखाटनं आणि लेयर असलेली फाइल जपून ठेवा.