कुप्याच्या मायोग्लोबिनमधले संपर्क कसे मोजायचे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुरमईशेजारी कुपा, म्हणजे टूना, कापलेला असला, की लालबुंद मांस कुणाचं हे सांगावं लागत नाही. तो रंग मायोग्लोबिनचा. स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं हे छोटं प्रथिन प्रथिनांची रचना शिकायला फार सोयीचं आहे: एकच साखळी, दीडशेच्या आसपास अमिनो आम्लं, मधोमध लोह असलेला हीम. पिवळ्या पराच्या कुप्याच्या मायोग्लोबिनची रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत, १एमवायटी या क्रमांकाने आहे. तिचं रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो ते, १.७४ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग; आकडा लहान तितकी रचना स्पष्ट). तुलनेसाठी स्पर्म व्हेलची १ए६एम घ्या, ती १.० आंगस्ट्रॉमची. दोन्ही फाइल लहान आहेत. पावसाळ्यात वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून त्या आधीच उतरवून ठेवा. पुढचं सगळं काम नेटशिवाय साध्या लॅपटॉपवर होतं.

साखळीची घडी पडताना तिच्यातली दोन अमिनो आम्लं (साखळीतल्या अमिनो आम्लाला रेसिड्यू म्हणतात) एकमेकांजवळ येतात, तो संपर्क. आधी त्याची व्याख्या ठरवा. ‘या रेसिड्यूला अकरा संपर्क आहेत’ या वाक्याला व्याख्येशिवाय काही अर्थ नाही. प्रचलित व्याख्या तीन. पहिली, दोन अल्फा कार्बनमधलं (साखळीच्या कण्यावरच्या कार्बनमधलं) अंतर ८ आंगस्ट्रॉमच्या आत. दुसरी, बीटा कार्बनमधलं (बाजूच्या साखळीच्या पहिल्या कार्बनमधलं) अंतर ८ च्या आत. ग्लायसीनला बीटा कार्बन नसतो, तिथे अल्फा घ्यायचा. तिसरी, दोन रेसिड्यूंच्या हायड्रोजन सोडून कुठल्याही दोन अणूंमधलं सर्वांत कमी अंतर ४.५ च्या आत. घडीचा ढोबळ आराखडा हवा असेल किंवा भाकीत केलेली रचना तपासायची असेल, तर बीटा कार्बन. कोण कुणाला खरोखर टेकलंय, एखादं अमिनो आम्ल बदललं तर काय सुटेल, असा प्रश्न असेल तर तिसरीच.

अल्फा कार्बनची व्याख्या सोपी आहे, पण ती दोन्ही बाजूंनी फसवते. पाठीला पाठ लावून बसलेले दोन रेसिड्यू, ज्यांच्या बाजूच्या साखळ्या विरुद्ध दिशांना गेल्या आहेत, तेही तिच्यात संपर्कात मोजले जातात. उलट आर्जिनीन किंवा लायसीनची लांब साखळी समोरच्या ग्लुटामेटला पकडून असते, पण अल्फा कार्बन दहा आंगस्ट्रॉमवर असल्यामुळे तो संपर्क गळतो.

मायोग्लोबिनसारख्या हेलिक्सच हेलिक्स (मळसूत्रासारख्या वळणाचे भाग) असलेल्या प्रथिनात आणखी एक गोष्ट घडते. अल्फा हेलिक्समध्ये शेजारचा अल्फा कार्बन ३.८ वर असतो, तिसरा सुमारे ५ वर आणि चौथा सुमारे ६.२ वर. म्हणजे ८ च्या मर्यादेत हेलिक्सच्या मधल्या प्रत्येक रेसिड्यूला पुढचे चार आणि मागचे चार, असे आठ संपर्क फुकट मिळतात. हे आकडे घडीबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून क्रमांकांतला फरक सहापेक्षा कमी असलेल्या जोड्या वगळा. लांबचे संपर्क वेगळे पाहायचे असतील, तर २४ किंवा त्याहून जास्त फरकाच्या जोड्या घ्या.

फाइल साफ करणं

चुकांचं मूळ बहुतेक वेळा गणितात नसतं, फाइलमध्ये असतं, म्हणून इथे वेळ द्या.

पीडीबीची जुनी मजकुरी फाइल रकान्यांवर चालते, मोकळ्या जागांवर नाही. पर्यायी स्थितीचं अक्षर १७ व्या रकान्यात, साखळीचं नाव २२ व्या, रेसिड्यूचा क्रमांक २३ ते २६, मध्ये घुसवलेल्या रेसिड्यूचं अक्षर २७, आणि तीन निर्देशांक ३१ ते ५४ मध्ये, प्रत्येकी आठ रकाने. ओळ मोकळ्या जागेवर तोडणारा स्वतःचा प्रोग्रॅम लहान फाइलवर नीट चालतो. मग एखाद्या मोठ्या रचनेत साखळीचं नाव आणि चार आकडी क्रमांक चिकटून येतात, आणि अंतरं चुकीची निघतात. बायोपायथॉन या पायथन लायब्ररीचा फाइल-वाचक वापरला तर हा त्रास टळतो.

१ए६एमसारख्या बारीक रिझोल्यूशनच्या रचनेत काही बाजूच्या साखळ्या दोन स्थितींत नोंदलेल्या असतात. दोन्ही एकदम मोजल्या तर संपर्क फुगतात, कारण एकच साखळी दोन ठिकाणी धरली जाते. जास्त ऑक्युपन्सीची, म्हणजे स्फटिकातल्या जास्त रेणूंत आढळणारी, स्थिती ठेवा. दोन्ही निम्म्या-निम्म्या असतील तर ‘ए’ घ्या, आणि शेजारच्या रेसिड्यूंतही तेच अक्षर धरा. एकाची ‘ए’ आणि दुसऱ्याची ‘बी’ प्रत्यक्षात एकत्र असतीलच असं नाही.

पाण्याचे रेणू आणि सल्फेट काढा, हीम मात्र काढू नका. फाइलमध्ये हीमच्या ओळी प्रथिनाच्या ओळींपेक्षा वेगळ्या प्रकारच्या असतात, म्हणून ‘फक्त प्रथिन’ अशी चाळणी लावली की हीम पाण्याबरोबर जातो. मग हीमची खोबण रिकामी दिसते आणि तिच्याभोवतीचे रेसिड्यू उगाच सैल वाटतात. स्पर्म व्हेलमध्ये ९३ व्या हिस्टिडीनचं नत्र लोहाला सुमारे २.१ आंगस्ट्रॉमवर बांधलेलं आहे आणि ६४ वं हिस्टिडीन पलीकडून ऑक्सिजनला सुमारे ३ वर धरतं. चाळणीनंतर हे दोन संपर्क दिसतात का, एवढं पाहिलं तरी फाइल नीट वाचली गेली की नाही ते कळतं. दुसऱ्या रचनांत सेलेनोमेथिओनीनही (गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनीन) याच चाळणीत गळतं. तिथे साखळीत खोटी खिंडारं पडतात.

हायड्रोजन सगळे काढा. क्ष-किरण रचनांत ते बहुधा नसतात, एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनादाने काढलेल्या रचनांत) असतात; एकात ठेवले आणि दुसऱ्यात नसले तर ४.५ ची मर्यादा दोन्हीकडे सारखी राहत नाही.

मोजणी

दीडशे रेसिड्यूंच्या ११,१७५ जोड्या होतात. साधे दोन लूप लावले तरी लॅपटॉपला जड नाही. हजारो रेसिड्यूंची रचना असेल तर बायोपायथॉनमधलं नेबरसर्च वापरा, त्रिज्या ४.५ आणि पातळी रेसिड्यूची. ते शेजारच्या जोड्याही देतं, त्या क्रमांकातल्या फरकाने स्वतः गाळाव्या लागतात. रचना पाहायच्या काइमेराएक्स या प्रोग्रॅमची संपर्क शोधणारी आज्ञा वेगळ्या तत्त्वावर चालते: ती अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्या (अणू जणू किती जागा व्यापतो ते) बघते आणि अणू एकमेकांत किती शिरलेत ते मोजते. तिची यादी आणि तुमची ४.५ ची यादी जुळणार नाही, आणि ती जुळायलाच हवी असंही नाही.

मर्यादा ४.०, ४.५ आणि ५.० अशी तीनदा बदलून मोजणी करा. कुठल्याही रचनेत अणूंच्या जागांना एक-दोन दशांश आंगस्ट्रॉमची अनिश्चितता असतेच. त्यामुळे ४.४ वर ‘आहे’ आणि ४.६ वर ‘नाही’ असल्या निकालावर निष्कर्ष उभा करू नये. तिन्ही मर्यादांत टिकणारे संपर्क वेगळे काढून ठेवा.

मग नकाशा काढा: दोन्ही अक्षांवर रेसिड्यूंचे क्रमांक, संपर्क असेल तिथे ठिपका. कर्णाला लागून जाड पट्टा म्हणजे हेलिक्स. कर्णाला काटकोनात जाणारी तुटक रेघ म्हणजे उलट दिशांनी शेजारी आलेले दोन हेलिक्स. समांतर असतील तर रेघही कर्णाला समांतर जाते.

संपर्काचा प्रकार हवा असेल तर अंतरं अशी: हायड्रोजन बंधाला देणारा आणि घेणारा अणू ३.५ च्या आत, शिवाय कोन तपासून. क्षारसेतूला आम्लाचा ऑक्सिजन आणि आम्लारीचं नत्र ४.० च्या आत. डायसल्फाइडमध्ये दोन गंधक सुमारे २.०५ वर. इथे ॲस्पॅराजीन, ग्लुटामीन आणि हिस्टिडीन यांच्याकडे नीट बघा. क्ष-किरणांतून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात कार्बन, नत्र आणि ऑक्सिजन जवळपास सारखे दिसतात, त्यामुळे या तिघांची टोकं उलटी बसवलेली असू शकतात. रिड्यूस हा प्रोग्रॅम ती तपासून वळवतो. हायड्रोजन बंध मोजण्याआधी तो चालवाच.

अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने भाकीत केलेली रचना घेतली असेल तर बी-फॅक्टरच्या (एरवी अणूच्या हालचालीच्या) रकान्यात विश्वासाचा गुण असतो. ७० च्या खालचे रेसिड्यू संपर्कांच्या मोजणीतून बाहेर ठेवा. एनएमआरच्या रचनेत अनेक प्रतिरूपं असतात. पहिलंच घेऊन थांबू नका, कुठला संपर्क किती टक्के प्रतिरूपांत आहे ते लिहा.

कुपा आणि व्हेल यांची तुलना करताना क्रमांकाला क्रमांक लावून नकाशे वजा करू नका. व्हेलच्या मायोग्लोबिनमध्ये आठ हेलिक्स आहेत, कुप्याच्यात डी हेलिक्सच नाही. आधी रचना एकावर एक बसवा, जुळणाऱ्या रेसिड्यूंची यादी करा आणि त्या यादीनुसार संपर्क मांडा. तक्त्यात साखळी, दोन्ही रेसिड्यू, सर्वांत कमी अंतर, अणूंची जोडी आणि वापरलेली मर्यादा लिहा. शेवटचा रकाना तीन उत्तरांचा ठेवा: आहे, नाही, मोजता आला नाही. ज्या रेसिड्यूला दुसऱ्या रचनेत जोडीदारच नाही, किंवा ज्याची बाजूची साखळी फाइलमध्ये अर्धवट आहे, त्याचा संपर्क ‘तुटला’ असं लिहू नका. तो तिसऱ्या उत्तरात जातो.