ठसठशीत खड्याची अंगठी घेताय? या चुका टाळा

माझ्याकडे लॅब्रडोराइटची एक अंगठी आहे. एरवी राखाडी वाटणारा दगड, पण हात जरा तिरपा केला की आतून मोराच्या मानेचा निळा रंग चमकून जातो. जयपूरच्या जोहरी बाजारात घेतली तेव्हा पिवळ्या दिव्याखाली, बोटात घालून, लांब धरून, जवळ आणून सगळ्या बाजूंनी पाहिली. पालथी करून मात्र एकदाही पाहिली नाही. पुण्याला आल्यावर आमच्या सराफकाकांना कौतुकानं दाखवायला गेले, तर त्यांनी हातात घेताच आधी ती उलटी केली. डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "वहिनी, खडा छान आहे. पण ही बोटात सरळ राहायची नाही." दोन दिवसांत त्याचा प्रत्यय आला. खडा तळहाताकडे आणि वर नुसती चांदीची बारीक पट्टी.

नंतर काकांच्या दुकानात बसून इतरांच्या अंगठ्यांची दुखणीही बरीच ऐकली. बहुतेक दुखणी खरेदीच्या त्या पाच मिनिटांतच जडलेली असतात.

खडा सारखा खाली वळतो

बोट वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं नसतं. मधला सांधा जाड, बुंधा बारीक. अंगठी सांध्यावरून जायची तर बुंध्याशी ती थोडी सैल पडणारच. साध्या वळ्याचं त्यानं काही बिघडत नाही, कितीही फिरलं तरी दिसतं तसंच. मोठ्या खड्याच्या अंगठीचं सगळं वजन माथ्यावर असतं. खालची पट्टी बारीक आणि गोल असली की ती पहिल्या संधीला कलंडते.

यावर हमखास केला जाणारा चुकीचा उपाय म्हणजे अंगठी एक नंबर लहान करून घेणं. सकाळी ती छान बसते. दुपारच्या उन्हात, जिना चढल्यावर किंवा जेवणात पापड-लोणचं जास्त झालं की बोट सुजतं आणि संध्याकाळी साबण शोधायची वेळ येते. काकांनी माझ्या अंगठीला आतून, तळहाताकडच्या बाजूला, चांदीचे दोन इवले मणी डाख देऊन, म्हणजे वितळवलेल्या धातूनं सांधून, बसवले. सांध्यावरून ते थोडे रेटून जातात आणि बुंध्याशी बोटाला हलकेच टेकून राहतात. त्यासाठी आधी खडा काढावा लागला, मणी बसवल्यावर पुन्हा जडवावा लागला. दोन दिवस गेले. पण अंगठी तेव्हापासून सरळ आहे. नवी घडवून घेत असाल तर पट्टी खालून किंचित चपटी ठेवायला सांगा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

सैल अंगठीला दोरा गुंडाळायची आपली जुनी पद्धत तात्पुरती उत्तम. लग्नाचे चार दिवस निघतात. महिनोन् महिने तोच दोरा ठेवला तर मात्र घाम आणि साबण त्यात मुरतो आणि बोटाला खाज सुटते.

मागून उघड्या असलेल्या, दाबून लहानमोठ्या करायच्या अंगठ्या म्हणजे "कोणालाही बसेल" अशी सोय वाटते. एकदा बोटाप्रमाणे बसवून सोडून द्या. रोज घालताना फाकवायची आणि काढताना दाबायची, असं केलं की धातू त्याच जागी कडक होत जातो आणि एक दिवस तिथंच तुटतो. वायर वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच.

माप सकाळी घेऊ नका

दोऱ्यानं बोट मोजून ऑनलाइन ऑर्डर देणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट. दोरा बुंध्याचं माप सांगतो, सांध्याचं नाही. जवळच्या सराफाकडे मापाच्या कड्यांचा जुडगा असतो, त्यातली कडी घालून बघा. जेवणानंतर किंवा संध्याकाळी गेलात तर उत्तम. आपल्या मापात एका नंबरचा फरक म्हणजे आतल्या घेरात जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. म्हणून "एखादा नंबर इकडे तिकडे" चालत नाही. पट्टी रुंद असेल तर तीच अंगठी जास्त घट्ट वाटते, तेव्हा एक नंबर मोठा घ्या.

परदेशातल्या कारागिराकडून मागवत असाल तर आकडे सरळ उचलू नका. अमेरिकेतला ७ नंबर म्हणजे आपला साधारण १४. आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवला की घोळ होत नाही.

रोजच्या हातात नाजूक दगड

ही चूक मीही केली आहे. माझा लॅब्रडोराइट पहिलं वर्षभर रोज हातात होता. वर्षअखेरीस त्याच्यावर धुकं पडल्यासारखं झालं. कणीक मळली, ओटा पुसला, बसच्या दांड्याला धरलं, एवढंच त्याच्याबरोबर घडलं होतं.

फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञानं १८१२ साली दगडांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली, ती आजही दुकानादुकानात वापरतात. तळाला टाल्क, माथ्यावर हिरा. त्यात लक्षात ठेवायचा आकडा एकच, ७. तो स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा. आपल्या घरातल्या, रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. ७च्या खालचा कुठलाही दगड नुसती धूळ पुसतानाही चरत जातो. लॅब्रडोराइट आणि मूनस्टोन ६ ते साडेसहा, फिरोजा ५ ते ६, लाजवर्द (लॅपिस लाझुली) त्याच आसपास, मॅलकाइट साडेतीन ते ४, मोती आणि पोवळं त्याहून हळवे. माणिक आणि नीलम ९ वर बसलेत, ते रोज घाला.

पण नुसत्या कठीणपणावर जाऊ नका. पुष्कराजाच्या नावानं स्वस्तात मिळणारा टोपाझ ८ वर असूनही एका ठरावीक दिशेनं टोला बसला की सरळ चिरतो. पाचूही साडेसातच्या वर आहे, पण त्याच्या पोटात भेगा असतात आणि त्या बहुतेक वेळा तेलानं भरलेल्या असतात. उलट अकीक (ॲगेट) साडेसहा-सातचाच, पण त्याची वीण इतकी घट्ट की आपटला तरी सहसा टवका उडत नाही.

अकीक आपल्याच मातीतला. दख्खनच्या काळ्या कातळात लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांमध्ये तो भरला गेला. त्याच पोकळ्यांमध्ये झिओलाइट आणि अपोफिलाइट या खनिजांचे देखणे स्फटिकही सापडतात. जळगाव, पुण्याच्या भागातले तर जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अजिंठ्याला गेलात की ते विकणारे भेटतातच. काकांकडे एक मुलगी तिथून आणलेला हिरवट अपोफिलाइट घेऊन आली होती, "याची अंगठी करून द्या" म्हणून. काकांनी हात जोडले. हा दगड पाचच्या आत, पापुद्र्यांनी सुटणारा, आणि त्याच्या घडणीत पाणी असतं. तापवला की पापुद्रे निघतात. ग्रीक भाषेतलं त्याचं नावच त्यावरून पडलंय. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइटही असाच. हे दगड काचेच्या कपाटात शोभतात. फारच हौस असेल तर लोलक करा, गळ्यात त्यांना आपटायला कोणी नसतं.

कोंदण कसं तपासायचं

दुकानात अंगठी कानाशी नेऊन हलवा. बारीक खुळखुळ आली तर खडा आत हलतोय. मग ओढणीचं किंवा साडीच्या पदराचं टोक तिच्यावरून चारी बाजूंनी फिरवा. धागा अडकला तर रोज अडकणार. प्रॉंगचं कोंदण असेल, म्हणजे खडा चार-सहा आकड्यांनी धरलेला असेल, तर प्रत्येक आकडा दगडाला पूर्ण टेकलाय ना ते बघा. हळव्या दगडाला भोवतीनं धातूची पट्टी दाबलेलं बंद कोंदण बरं, कडांना धक्का बसत नाही.

हातानं घडवलेल्या वस्तूत थोडं वेडंवाकडं असणारच, ती तिची शोभा. कोंदणाची कड एका जागी पातळ असणं, आतली बाजू न घासता खरखरीत ठेवणं, याला मात्र "हॅंडमेड आहे ना मॅडम" हे उत्तर घेऊ नका. चांगला कारागीर आतून जास्त घासतो.

कुंदनची अंगठी असेल तर तिची तऱ्हाच निराळी. खड्यामागे चकाकीसाठी वर्ख आणि पोटात लाख असते. हात धुताना पाणी आत शिरलं की वर्ख काळवंडतो, खडा मेल्यासारखा दिसतो आणि घरी त्यावर इलाज नाही. ती समारंभापुरती.

उंचीही घालून पाहा. पर्समध्ये हात घालून किल्ली काढा. स्कूटर चालवत असाल तर मूठ आवळून ॲक्सिलरेटर पिळल्यासारखा हात फिरवा. शेजारच्या दोन बोटांना खडा टोचला तर ती अंगठी कपाटातच राहणार.

नावावर आणि वजनावर भुलणं

हिरवा ऑनिक्स म्हणून मिळतो तो बहुधा रंगवलेला कॅल्सिडोनी, म्हणजे क्वार्ट्झच्याच जातीचा दगड, असतो. गडद निळा टोपाझ किरणोत्सर्गाच्या प्रक्रियेतून तसा झालेला असतो. बाजारातले बरेचसे सिट्रिन म्हणजे तापवलेले ॲमेथिस्ट. स्वस्त फिरोजा अनेकदा रंगवलेला हाउलाइट, म्हणजे एक पांढरा मऊ दगड, निघतो. यात फसवणूक दगडात नाही, न सांगण्यात आहे. विचारा, आणि बिलावर लिहून मागा.

काचभरणीच्या माणकाबाबत मात्र हे विचारलंच पाहिजे. भेगांमध्ये शिशाची काच भरून असं माणिक लालभडक केलेलं असतं. स्वयंपाक करताना लिंबाचा रस लागला तरी ती काच खाल्ली जाते आणि खड्यावर पांढुरक्या रेषा उमटतात. अंगठी लहानमोठी करताना सोनाराची ज्योत लागली तर संपलंच. माझ्या ओळखीत एकीचं असंच झालं. दुकानदारानं सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं, आणि सोनारानं खडा न काढता डाख दिला. तिघांपैकी चूक कोणाची यावर अजून वाद आहे.

बिलावर अंगठीचं एकूण वजन, धातूचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं हवं, नाहीतर दगड सोन्याच्या भावानं घेतला असं होतं. कॅरट म्हणजे २०० मिलिग्राम, त्यात वाद नाही. रत्तीचं तसं नाही. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलिग्रामची, खडेवाल्यांची साधारण १८२. "सव्वापाच रत्ती" ऐकलं की कॅरटमध्ये सांगा म्हणायचं. सोन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरा-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. चांदीवर ९२५, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध असा शिक्का, बघा.

साफ करताना घात

व्हिडिओ बघून मीही एकदा वाडग्यात ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा घेऊन बसले होते. ऑक्सिडाइज्ड चांदीची नक्षीदार अंगठी त्यात टाकली. पाच मिनिटांनी लख्ख पांढरी बाहेर आली. नक्षीच्या खाचांमधला काळेपणा कारागिरानं मुद्दाम आणलेला होता, तोच गेला. वेलबुट्टी दिसेनाशी झाली. काकांनी हसत पुन्हा काळी करून दिली, पण पहिल्यासारखी नाही.

टूथपेस्टही नको, तिच्यात घासणारी पूड असते. सोनाराकडचं थरथरणारं अल्ट्रासॉनिक मशीन हिऱ्याला चालतं. पाचू, ओपल, मोती, फिरोजा यांना नाही. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, एवढ्यावर बहुतेक अंगठ्या निघतात. कणीक खड्याच्या खाली जाऊन वाळते, तिथं ब्रश पोचला पाहिजे. मोती, पोवळं, फिरोजा मात्र फक्त ओल्या कापडानं पुसा. फिरोजा तर तेल, अत्तर, हळद सगळं पितो आणि हळूहळू हिरवट होतो. ॲमेथिस्ट खिडकीतल्या उन्हात महिनोन् महिने पडू देऊ नका, रंग उडतो.

बोट हिरवं झालं तर घाबरू नका. पितळेतलं किंवा चांदीतलं तांबं घामाशी मिळून तो रंग देतं, साबणानं जातो. पुरळ उठून खाज येत असेल तर बहुधा निकेलचा त्रास आहे, ती अंगठी सोडा.

निघतच नाही!

ओढू नका, ओढलं की सांधा आणखी सुजतो. पाच मिनिटं हात डोक्याच्या वर धरा, मग गार पाण्यात बुडवा, साबण लावून फिरवत फिरवत काढा. तरी अडली तर रेशमी दोरा घ्या. एक टोक अंगठीखालून तळव्याकडे सरकवा आणि दुसरा भाग अंगठीला लागून सांध्याच्या पलीकडेपर्यंत घट्ट, एकाला एक लागून गुंडाळा. आता तळव्याकडचं टोक धरून दोरा नखाच्या दिशेनं उलगडत जा, अंगठी त्याच्याबरोबर सरकत येते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर हे प्रयोग थांबवून दवाखान्यात जा आणि कापून घ्या. पट्टी तळहाताच्या बाजूनं कापायला सांगा, म्हणजे खड्याला काही होत नाही. सोन्या-चांदीची पट्टी पुन्हा जोडता येते. जोडायला देताना मात्र सोनाराला खडा कोणता आहे ते आधी सांगा.