‘आत्ता’ की ‘नंतर’: उत्तरांतली विसंगती कशी मोजायची

‘आज ५० घ्याल की ३० दिवसांनी ८०?’ अशा प्रश्नांवरून माणूस किती उतावळा आहे हे काढण्याआधी त्याची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, ते तपासाच. न जुळणाऱ्या उत्तरांतूनही एक आकडा निघतोच, आणि तो बघून काहीच शंका येत नाही.

आधी प्रत्येक प्रश्नाचा ‘के’ (k) काढा; हा उतावळेपणाचा आकडा, माणसाचा के जितका मोठा तितका तो उतावळा. नंतरच्या रकमेला आजच्या रकमेने भागा, १ वजा करा, उरेल त्याला दिवसांनी भागा. वरच्या प्रश्नात ८० ÷ ५० = १.६, म्हणून ०.६ ÷ ३० = ०.०२. ज्याचा स्वतःचा के ०.०२ आहे, त्याला दोन्ही पर्याय सारखेच वाटतील. मानसशास्त्रज्ञ कर्बी यांच्या प्रचलित प्रश्नावलीत असे २७ प्रश्न आहेत, लहान, मध्यम आणि मोठ्या रकमांचे ९-९. प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा ठेवा.

विचारताना प्रश्न पिसून घ्या. हिशेबाला बसल्यावर मात्र के चढत्या क्रमाने लावा. सुसंगत माणूस सुरुवातीला ‘आज’ म्हणतो आणि एका जागेपासून पुढे कायम ‘नंतर’. समजा, उत्तरं अशी आली:

आज, आज, आज, नंतर, आज, नंतर, नंतर, नंतर, नंतर

तिसऱ्यानंतर रेघ मारली तर फक्त पाचवं उत्तर चुकतं: ८/९, म्हणजे ८९%. पाचव्यानंतर मारली तरी ८/९ च, तिथे चौथं चुकतं. चौथ्यानंतर मारली तर ७/९. सर्वांत जास्त येतो तो सुसंगती गुण. रेघेच्या जागेचा के म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रश्नांच्या के चा भूमितीय मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ), आणि तोच त्या माणसाचा के. बरोबरी झाली तर दोन्ही जागांच्या के चा पुन्हा भूमितीय मध्य घ्या. के पटीपटीने वाढतो, साधी सरासरी मोठ्या आकड्याकडे झुकते.

हा गुण वाचताना एक ध्यानात ठेवा. नऊ उत्तरं नाणं उडवून दिली तरी गुण ५/९ च्या, म्हणजे ५६% च्या खाली जात नाही, कारण रेघ आपण सोयीच्या जागी मारतो. म्हणून ६०% म्हणजे ‘बरं’ नव्हे. बरेच जण ७५ किंवा ८०% ची अट ठेवतात. उलट सगळीकडे ‘आज’ म्हणणाऱ्याला १००% मिळतात, मग त्याने प्रश्न वाचलेला नसला तरी! त्यासाठी ‘आज ५० की आज १००’ असे एकदोन प्रश्न मधे पेरा.

आधीच्या उत्तरावरून पुढची रक्कम बदलणाऱ्या चाचणीत उलटसुलट उत्तराला जागाच कमी मिळते, त्यामुळे विसंगती झाकली जाते. तिथे प्रत्येक विलंबासाठी दोन्ही पर्याय सारखे वाटायला लावणारी रक्कम बघा. संशोधक जॉन्सन आणि बिकेल यांचे २००८ चे, विसंगती ओळखायचे निकष दोन: एखादी रक्कम आधीच्या विलंबाच्या रकमेपेक्षा मोठ्या बक्षिसाच्या २०% हून जास्त चढली, किंवा शेवटची रक्कम पहिलीपेक्षा मोठ्या बक्षिसाच्या किमान १०% ने उतरली नाही. अशा नोंदीवर खूण करा, लगेच पुसू नका.

दुसरी विसंगती निराळी. सुरुवातीचाच प्रश्न पुढे ढकला: ‘१८० दिवसांनी ५० की २१० दिवसांनी ८०?’ आज ५० घेणारा इथे ८० कडे वळला, तर ती चूक असेलच असं नाही. आज वाटणारी किंमत = रक्कम ÷ (१ + के × दिवस). के ०.०३ असेल तर ३० दिवसांनंतरच्या ८० ची किंमत आज ४२ वाटते, पण १८० दिवसांनंतरचे ५० वाटतात ७.८ आणि २१० दिवसांनंतरचे ८० वाटतात ११. गोंधळ आणि आवडीचा खरा पालट वेगळे करायला काही प्रश्न जसेच्या तसे दोनदा विचारा. ढकलल्यावर जितकी उत्तरं बदलली तितकीच नुसतं पुन्हा विचारल्यावरही बदलत असतील, तर त्याला पालट म्हणू नका.