वादग्रस्त विषय वर्गात घेताना या चुका टाळा

चर्चा बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच बिघडते. शिक्षक उत्साहाने विचारतात, "बाजूने कोण, विरोधात कोण? हात वर करा." नववीतल्या मुलाने सगळ्यांदेखत हात वर केला की ते मत त्याच्या इभ्रतीचं होऊन बसतं. पुढे समोरच्याचं पटलं तरी माघार घेणं जड जातं. म्हणून आधी तीन मिनिटं वहीत लिहू द्या: मला काय वाटतं, का वाटतं, कशाची खात्री नाही. वही कुणाला दाखवायची नाही, हेही आधीच सांगा.

सगळ्यात महागात पडते ती प्रश्न न तपासता वर्गात आणण्याची चूक. 'शाळेत मोबाइलवर बंदी असावी का?' यात दोन प्रश्न अडकलेले आहेत. मोबाइलमुळे अभ्यासातलं लक्ष उडतं का, हे पुराव्याने तपासता येतं. बंदी घालण्याचा अधिकार कुणाचा, हा मूल्यांचा प्रश्न. फळ्याचे दोन भाग करून दोन्ही वेगळे लिहा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. हवामानबदल माणसामुळे होतो आहे का, हे पुराव्याने ठरलेलं आहे. तिथे 'दोन बाजू' उभ्या करू नका. उपायांचा खर्च कुणी सोसावा, यावर मात्र जरूर वाद होऊ द्या. आणि वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या समाजाला समान हक्क असावेत का, हा चर्चेचा विषयच नाही.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का? जर्मनीत १९७६ साली बॉयटल्सबाख इथल्या परिषदेतून पुढे आलेली तत्त्वं इथे उपयोगी पडतात: विद्यार्थ्यांवर मत लादू नये आणि समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं. आमच्या मते, मत सांगायचंच तर शेवटी, कारणांसह सांगावं.

वादविवाद स्पर्धेत जिंकण्याची ईर्ष्या वाढते. त्यापेक्षा डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ भावांची पद्धत वापरून पाहा. चौघांचा गट करा, दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या. तयारीला १० मिनिटं, मांडणीला प्रत्येक जोडीला ३. मग बाजूंची अदलाबदल. ४ मिनिटं तयारी, पुन्हा प्रत्येकी ३. शेवटची १० मिनिटं बाजू सोडून चौघांनी मिळून निवेदन लिहायचं. अदलाबदल गाळू नका, पद्धतीचा जीव तिथेच आहे.

वर्ग गप्प बसला तर प्रश्न विचारून किमान ३ सेकंद थांबा. बहुतेक शिक्षक एका सेकंदातच पुढे जातात. आवाज चढले तर चर्चा थांबवून सगळ्यांना २ मिनिटं लिहायला लावा. कुणी अपमानकारक बोललं तर "हे वाक्य या वर्गात चालणार नाही" असं तिथल्या तिथे सांगा. मुलाला 'तू असाच' म्हणू नका. "तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?" असं एकाच मुलाला विचारणं म्हणजे त्याला साऱ्या समाजाचा वकील करणं. ते टाळाच.

पालकांची तक्रार आल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रश्न, वाचायला दिलेले उतारे आणि तासाचं टाचण मुख्याध्यापकांना आदल्या आठवड्यातच दाखवून ठेवा.