निनावी आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओळखायचा कसा?

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेल्या छोट्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांची जुळणी करणारा) बहुतेक वेळा नाव-नंबर काहीच नसतं. म्हणून भंगारात टाकू नका.

आधी मल्टिमीटरने ओहम मोजा. बारीक तारेची, काही शे ओहमची बाजू प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची; जाड तारेची, जेमतेम अर्ध्या ओहमची बाजू स्पीकरची.

मग प्रायमरीला पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगचे (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) ६.३ व्होल्ट एसी द्या आणि दोन्हीकडचे व्होल्टेज मोजा (भार नसताना ६.३ चे थोडे जास्तच भरतात). समजा ६.३ आणि ०.१८ आले, तर गुणोत्तर ३५. त्याचा वर्ग १२२५, गुणिले ४ ओहमचा स्पीकर, म्हणजे व्हॉल्व्हला दिसणारा भार ४९०० ओहम. ६व्ही६ किंवा ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हना छान चालेल!

जाड बाजूला ६.३ व्होल्ट चुकूनही देऊ नका. बारीक टोकांवर २२० येतात.